स्थानिक फरक : काढावा

१२ फेब्रुवारी

ती. अक्कास,
सा. न. वि. वि.

फोन तू उचलत नाहीस, म्हणून पत्र. आठ महिन्यांनी लिहितोय आणि तेही कामासाठी, हे आधीच कबूल करतो.

तुझी ती निळ्या पुठ्ठ्याची वही मला हवी आहे. कान तपासताना ऐकवायचे शब्द तू त्यात लिहून ठेवायचीस, कुठल्या वस्तीतली माणसं कुठल्या शब्दाला काय समजतात त्याच्या टिपणांसकट. केंद्रातल्या कपाटात ती सापडली नाही, म्हणजे तूच नेली असणार. नेलीस ते बरं केलंस. इथे राहिली असती तर रद्दीत गेली असती.

तू गेल्यापासून मुख्य कार्यालयाच्या यादीवरच तपासणी होते. माणसाला बंद खोलीत बसवायचं, कानाला हेडफोन लावायचा, पंचवीस शब्द ऐकवायचे, त्यानं ते परत म्हणायचे. निम्म्याहून कमी बरोबर आले की शेरा : 'श्रवणयंत्राचा लाभ संभवत नाही.' तुझ्या वेळी दहांत एखाद्याला हा शेरा मिळायचा, आता चौघांना मिळतो. एकतीस देशांत सुरळीत चालणारी पद्धत याच केंद्रात का अडखळते, असं वरून विचारलंय आणि उत्तर मला द्यायचंय.

तुला माहीत असलेलंच पुन्हा सांगतो, कारण माझ्या तोंडून तू ते कधी ऐकलं नाहीस. आपलं लहानसं केंद्र कंपनीनं घेतलं तेव्हा सगळीकडे एकच पद्धत आणायचं काम आमच्या गटाकडे आलं. ती पद्धत वाईट नव्हती. स्टँडजवळच्या केंद्रातला तो गृहस्थ ज्याच्या त्याच्या गळ्यात सगळ्यात मोठं यंत्र मारतो, त्याच्या तपासणीच्या खोलीत पंख्याची घरघर ऐकू येते, हे तूच सांगायचीस ना? ते आमच्या पद्धतीनं बंद झालं. तुझी यादी त्या ओघात गेली. सुक्याबरोबर ओलंही जळतं. मी फक्त अहवाल लिहिला, निर्णय वरचा होता.

वही कुरिअरनं पाठवलीस तरी चालेल. धाकटी विचारते, आत्या हल्ली का येत नाही. तिला काही सांगितलेलं नाही.

तुझा भाऊ


२७ फेब्रुवारी

अक्का,

उत्तर आलं नाही. येईल असं मनापासून वाटतही नव्हतं. 'मी फक्त अहवाल लिहिला' हे वाक्य लिहायला नको होतं. पत्र पेटीत पडलं आणि हात आत घालून काढून घ्यावंसं वाटलं.

परवा केंद्रात जाऊन तपासणीला बसलो. आकडे बघण्यात वर्ष गेलं, माणूस एकही बघितला नव्हता. तुझ्या जागी आता एक हुशार मुलगी आहे, हाताला शिस्त असलेली. पहिल्याच आल्या त्या कांडीवाल्या मावशी. तुला आठवत असतील : डोंगराकडच्या, कापडगिरणीत तीस वर्षं सुताच्या कांड्या भरल्या, मागांच्या खडखडाटात कान गेले. बरोबर त्यांची सून होती.

हेडफोनमध्ये एक गोड, परीट घडीचा आवाज म्हणाला, "नौका."

मावशी म्हणाल्या, "नको का?"

मुलीनं फुली मारली.

"ध्वज."

"वजन."

फुली.

"कवच."

"कवाड," मावशी खात्रीनं म्हणाल्या आणि काचेतून माझ्याकडे बघून हसल्या. हा तरी बरोबर आला असं त्यांना वाटलं असावं. त्यालाही फुली.

पंचवीसांत सात आले. मुलीनं शेरा लिहिला आणि सुनेनं तो मोठ्यानं वाचून दाखवला. मावशींनी हेडफोन काढला आणि मला म्हणाल्या, "साहेब, आवाज येतोय हो. चांगला येतोय. पण ही बाई काय बोलतेय ते कळत नाही. ही कुठली पाहुणी?"

मी त्यांना परत हेडफोन लावायला सांगितला, मुलीकडून माइक घेतला आणि तुझ्या यादीतले आठवतील तेवढे शब्द म्हणत गेलो. कवाड. उंबरा. खराटा. खापर. नऊ म्हटले, आठ त्यांनी परत दिले. कान त्यांचे जायचे तेवढेच गेले होते. आमची यादी त्यांना शब्दसंग्रह विचारत होती.

वर मावशी म्हणाल्या, "शब्द आपलेच म्हणताय, पण दुसऱ्याच्या घरातले उचलल्यासारखे. आणि आधीच्या बाई असत्या तर खराट्यानंतर दावं आलं असतं."

हे ऐकलं आणि मला माझा मुद्दा सापडला. अक्का, तुझी यादी पंधरा वर्षांत बदलली नव्हती, क्रमही तोच. बाहेर बाकावर बसलेली माणसं एकमेकांना ती पाठ करून द्यायची. सुनेनं हसत हसत पाचवीच्या कवितेसारखी म्हणून दाखवली. म्हणजे तुझ्याकडेही सगळं आलबेल नव्हतं. हाच मुद्दा धरून पत्र संपवायचं, असं ठरवून बसलो होतो. चार ओळी लिहिल्यासुद्धा. मग फाडल्या.

कारण तुझ्या यादीत दोष होता म्हणून मी ती काढली नाही. त्या दोषाचा मला तेव्हा पत्ताच नव्हता.

कंपनीनं तुझी चौकशी केली, तेव्हा तिथल्या टेबलावर तू माझं हस्ताक्षर बघितलंस. मी तिथे नव्हतो. काय बघितलंस ते मी आज माझ्या तोंडानं सांगतो. अहवालाच्या शेवटच्या पानावर एक रकाना होता : 'स्थानिक फरक. ठेवावा की काढावा? कारण द्या.' कंपनीनं विचारलं होतं, अक्का. प्रत्येक देशाला, प्रत्येक केंद्राला. तुझ्या यादीपुढे मी लिहिलं : 'काढावा. कारण : कर्मचाऱ्याची वैयक्तिक सवय.' तुझ्या बावीस वर्षांना मी सवय म्हटलं, जशी एखाद्याला नखं कुरतडायची असते.

आणि यादी बंद झाल्यावर तू घरी आलीस, चप्पल न काढता दारातच उभी राहिलीस आणि विचारलंस, "ही यादी का लागते ते तू सांगितलंस ना त्यांना?" मी म्हणालो, "सांगितलं गं. घसा कोरडा केला. ऐकतच नाहीत." तू माझ्या पाठीवर हात ठेवलास. "जाऊ दे, तू तरी काय करणार," म्हणालीस. त्या भरवशावर तू चोरून जुनी यादी वापरत राहिलीस, लोकांना यंत्रं मिळावीत म्हणून नव्या यादीचे तक्ते अंदाजानं भरत राहिलीस आणि 'खोट्या नोंदी' म्हणून घरी बसलीस.

तो हात मला अजून जड वाटतो.


१५ मार्च

अक्का,

हे पत्र लिहिलं नाही तरी चालेल, कारण यातलं तुला काहीच माहीत नाही आणि कळायला वाटही नाही. दहा दिवस तेच कारण स्वतःला सांगत होतो.

तो रकाना भरायच्या आधी बैठक झाली होती. सात देशांतले आमचे लोक एका लांब टेबलाभोवती बसले होते, प्रत्येकाच्या पुढे पाण्याची सारखी बाटली. जो तो आपापल्याकडचे फरक मांडत होता. कुठे घरातल्या मोठ्या माणसाला खोलीत बसवल्याशिवाय बाया तपासणी करून घेत नाहीत, कुठे वाळूमुळे यंत्राच्या जाळ्या महिन्याला बदलाव्या लागतात. विभागप्रमुख बाई शांतपणे ऐकून लिहून घेत होत्या. माझी पाळी आली. मी तुझ्या यादीचं ध्वनिमुद्रण लावलं.

बाबांचा आवाज.

तू ते बाबांकडून का म्हणवून घेतलंस ते मला ठाऊक होतं. मागावरची माणसं बोलतात तसे ते तोंड मोठं उघडून, एकेक अक्षर वेगळं करून बोलायचे आणि डोंगराकडचं वळण त्यांनी कधी सोडलं नाही. ऐकायला कमी येणाऱ्याला त्यांच्याइतकं स्वच्छ कुणी बोलत नव्हतं. पण त्या थंड खोलीत, त्या मोठ्या स्पीकरवर आवाज आला, "कवाऽऽड." मग थांबून, "खराऽऽटा." मागे आपल्या घरातलं भांडं पडल्याचा आवाज.

कुणीतरी हसलं. वाईट हेतूनं नसेल. आमच्याच शहरातला, माझ्या शेजारी बसणारा सहकारी म्हणाला, "हा कुठला पहारेकरी पकडून आणलाय?" मग त्यानं नक्कल केली. ती काही जमली नाही.

मग मी केली.

अक्का, मी केली. न विचारता, न ढकलता. "कवाऽऽड," म्हणालो, बाबांसारखे ओठ करून, मान तशीच थोडी पुढे काढून. हुबेहूब जमली. जमणारच, मी त्या आवाजात वाढलोय. टेबलाभोवती सगळे पोट धरून हसले. सहकारी म्हणाला, "तू तर कलाकार निघालास." मी आणखी दोन शब्द म्हणून दाखवले. विभागप्रमुख बाई तेवढ्या हसल्या नाहीत. त्यांना त्यात हसण्यासारखं काय ते कळलं नसावं. त्यांनी विचारलं, "हा आवाज कुणाचा आहे? निवड कशी केली?"

मी म्हणालो, "माहीत नाही. केंद्राच्या ओळखीतलं कुणीतरी असेल."

त्यानंतर ते शब्द का लागतात, हे कुठल्या तोंडानं सांगणार होतो? सांगायचं तर डोंगराकडची माणसं कशी बोलतात ते सांगावं लागलं असतं, ते तुला कसं माहीत हा प्रश्न आला असता आणि आपलं घर त्या टेबलावर आलं असतं. त्यापेक्षा 'काढावा' सोपं होतं. चार अक्षरंही नाहीत.

मी सहावीत असताना बाबा माझा दाखला आणायला शाळेत आले होते, ते तुला आठवतं का? कार्यालयातला कारकून दोनदा "काय?" म्हणाला आणि बाबांनी तिसऱ्यांदा इतक्या मोठ्यानं सांगितलं की आमचा वर्ग खिडकीशी जमला. मी पाण्याच्या टाकीमागे जाऊन उभा राहिलो. बाबा मला शोधत दोन फेऱ्या मारून गेले. घरी आल्यावर त्यांनी विचारलंही नाही. तेव्हा मी अकरा वर्षांचा होतो, त्याची माफी कदाचित वयाला देता येईल. बैठकीत त्रेचाळीसचा होतो. आणि बाबांना जाऊन तेव्हा पुरतं वर्षही झालं नव्हतं.

हे वाचून तू पत्र टाकून दिलंस तर बरोबरच करशील.


९ एप्रिल

अक्का,

विभागप्रमुख बाई या आठवड्यात इथे आल्या होत्या. वाढलेल्या शेऱ्यांचं कारण त्यांना समोर बसून हवं होतं. मी आकड्यांचा तक्ता काढला होता, छान रंगीत. तो बाजूला ठेवला आणि सांगितलं, "कारण मी आहे." रकान्यात लिहिलेलं कारण खोटं होतं, तो आवाज माझ्या वडिलांचा होता आणि जिला तुम्ही काढलंत ती माझी बहीण, हे एका दमात सांगितलं. सहकारी शेजारीच होता.  नंतर जिन्यात मला म्हणाला, "अरे, मला सांगायचंस तरी." मी त्याला काय सांगणार? तो न कळता हसला, मी कळून.

बाई रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या म्हणाल्या, "त्या रकान्यात आमच्याकडे दोनशे सात फरक आले. निम्मे निव्वळ आळस होते, ते काढले. उरलेल्यांतले बहुतेक ठेवले. तुमच्या केंद्राकडून एकही 'ठेवावा' आला नाही. मला वाटलं, तिथे सगळं सोपं असेल."



"पद्धत आम्ही दुरून आखतो," त्या म्हणाल्या, "कुठे काय बोचतंय ते आम्हाला दिसत नाही. त्यासाठीच तुम्हाला नेमलं होतं."

ठरलं ते असं. खोलीची शांतता, आवाजाची पातळी, शब्दांची संख्या, गुण द्यायची रीत सगळीकडे एकच राहील. शब्द मात्र इथले आणि म्हणणारा आवाजही इथला. एकाऐवजी सहा याद्या असतील, क्रम दर वेळी बदलेल, म्हणजे बाकावर पाठांतर होणार नाही. तू आणि कंपनी, दोघांचंही अर्धं अर्धं बरोबर होतं. जोडायचं काम माझं होतं आणि मी ते मोडीत काढलं. ज्यांना शेरा मिळाला त्या त्रेसष्ट जणांना परत बोलावणार आहेत.

तुझ्याबद्दलही विचारलं. नोंदी खोट्या भरल्या गेल्या होत्या, ते पुसता येणार नाही म्हणाल्या. पण त्या का भराव्या लागल्या याचा माझा लेखी जबाब तुझ्या कागदांना जोडलाय, प्रत सोबत ठेवतो. तुला परत यायचं असेल तर दार उघडं आहे, असा निरोप त्यांनी दिलाय. मी तो फक्त पोचवतोय. ये असं मी म्हणणार नाही.

मला गटातून काढलं आणि केंद्रात पाठवलं, नोंदणीच्या टेबलावर. लोकांची नावं लिहितो, त्यांना क्रमानं आत सोडतो.

पहिली यादी मी तयार केली आहे. पंचवीस शब्द, आठवणीतून. वही मागत नाही आता. जमलं तर एवढ्यावर नजर टाक. 'माझ्यासाठी नाही, तर मावशींसाठी तरी टाक', असं लिहिणार होतो. पण त्यांना पुढे करून मी तुझ्याकडून काही काढून घेऊ नये.


६ मे

अक्का,

पाकीट मिळालं. आत चिठ्ठी असेल म्हणून दोनदा झटकलं. फक्त माझी यादी होती, तुझ्या लाल पेननं तपासलेली.

अकरा शब्द खोडून शेजारी तुझे अकरा लिहिलेस. 'वाटी'पुढे लिहिलंस, 'पाटीशी घोटाळा होतो, एकच ठेव.' 'पणती'पुढे, 'म्हाताऱ्यांना पणजी ऐकू येतं.' 'आरसा'पुढे नुसतं 'शहरी'. शहाण्यासारखा घातला होता मी तो. आणि सगळ्यात खाली, पेन जरा दाबून : 'म्हणायला त्यांच्यातलं कुणी घे. तू म्हणू नकोस.'

कबूल करतो, मीच म्हणणार होतो. घरी दोनदा करून पाहिलं होतं. ऐकलं तर ती त्या बैठकीतली नक्कलच निघाली. तुला कसं कळलं, की तुला नेहमी कळतं तसंच कळलं?

मावशींच्या सुनेला विचारलं. ती आधी लाजली, मग शनिवारी नवी साडी नेसून आली. मी तिच्यासमोर कागद धरून बसलो. ती "कवाड" म्हणाली, पण अगदी बातम्यांतल्यासारखं. चार वेळा तसंच झालं. शेवटी माइक बाजूला करून म्हणाली, "साहेब, राग मानू नका. तुम्ही समोर बसलात की माझी जीभ शाळेत जाते. तुम्ही बाहेर बसा."

मी बाहेर बसलो. तपासणारी मुलगी आत राहिली. वीस मिनिटांत काम झालं.

काल मावशींची फेरतपासणी होती. बावीस आले. मुलीनं मला काचेतून बोटांनी दाखवलं, आधी दहा, मग दहा, मग दोन. मावशी बाहेर आल्या, माझ्या टेबलाशी थांबल्या. यंत्र पुढच्या आठवड्यात मिळेल, सही इथे करा, असं मी कागदावर बोट ठेवून सांगितलं. त्यांनी सही केली आणि विचारलं, "आधीच्या बाई कुठे गेल्या? बरी आहे ना तब्येत?"

बाकावर आठ-नऊ जण होते, सगळी गिरणीतली माणसं, तुला ओळखणारी. मी खाली बघून, माझ्यापुरतं म्हणालो, "त्या गेल्या नाहीत, मावशी. मी त्यांना घालवलं."

मावशींनी कानामागे हात धरला. "काय म्हणालात? मोठ्यानं बोला."

तेव्हा ते परत म्हणावं लागलं. मान वर करून, तोंड पूर्ण उघडून, शब्द सुटे करून. "मी त्यांना घालवलं. माझ्या सख्ख्या बहिणीला. खोटं लिहून घालवलं." शेवटच्या माणसापर्यंत गेलं. आतल्या मुलीनंही दार उघडून बघितलं.

  मावशींनी पिशवी खांद्यावर नीट केली, सुनेचा हात धरला आणि म्हणाल्या, "हां. आता ऐकू आलं."

तुझा भाऊ